सी-थ्री एकतीस

५ फेब्रुवारी २०२५, बुधवार

मिलमध्ये माग सांभाळणारा जॉबर होतो तेव्हा माग बिघडला की आधी वहीत लिहायचो, मग पाना हातात घ्यायचो. कुठला माग, किती वाजता, आवाज कसला येत होता. लिहिलं की माणूस उगाच खोलाखोल करत नाही. मिल बंद होऊन तपं लोटली, पण सवय गेली नाही. आता बिघाड घरातच निघालाय, म्हणून ही वही.

माझी नात श्रीदेवी, वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. दिवाळीपासून तिच्या लघवीला फेस येत होता. पोरीनं कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीत गड्ड्याच्या जत्रेला निघाली आणि चप्पल पायात जाईना, तेव्हा सिद्धेश्वरीच्या लक्षात आलं. सिद्धेश्वरी म्हणजे माझी सून, श्रीदेवीची आई. मग धावाधाव. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला आणि मुंबईला पाठवला. आज त्याचा रिपोर्ट.

डॉक्टर देवयानी, वय चाळिशीच्या आत. मला म्हणाल्या, "आजोबा, आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, कॉम्प्लिमेंट म्हणतात त्यांना. जंतू आला की ती एकामागून एक जागी होतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. हिच्या अंगात जंतू नसतानाही ती जागीच आहेत. किडनीच्या चाळणीवर जाऊन बसलीत."

मी म्हटलं, "म्हणजे कुंपणानंच शेत खायचं."

"अगदी तसंच," म्हणाल्या आणि हसल्या.

गोड बोलतात. फार गोड बोलणाऱ्याकडं मी दोनदा बघतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

सिद्धेश्वरी कामावर गेल्यावर फाईल काढली. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाईला जाते, सकाळी नऊला गेली की दिवेलागणीला येते. विरेश, माझा मुलगा, टॉवेलची गाडी घेऊन आठवड्यातले पाच दिवस रस्त्यावर. म्हणजे घरात मी आणि पोरगी.

मी सातवी पास. इंग्रजी शिकलो ते मशिनच्या कॅटलॉगांवरून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. लोक कादंबऱ्या वाचतात, मी औषधांच्या पुड्यातले कागद वाचतो.

रक्ताच्या रिपोर्टात लिहिलंय, सी-थ्री ३१. पुढं कंसात, ९० ते १८०. तीनदा चष्मा पुसून वाचलं. सी-थ्री म्हणजे तेच, अंगाचं रक्षण करणारं प्रथिन. नव्वद पाहिजे तिथं पोरीकडं एकतीस.

मग गोळ्यांच्या पुड्यातला कागद उघडला. लांबट पांढरी गोळी, सकाळी दोन संध्याकाळी दोन. तिचं काम काय, तर रोगप्रतिकारशक्ती दाबणं. लहान गोळी, सकाळी दोन. तिचंही तेच.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. जे पोरीकडं आधीच एक तृतीयांश आहे तेच दाबायला गोळ्या? डॉक्टरीणबाई हे मला का बोलल्या नाहीत? बोलल्या त्या फक्त जास्तीचं बोलल्या, कमीचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

शंकरप्पाच्या दुकानी गेलो. भवानी पेठेत त्याच्या वडिलांपासून काष्ठौषधीचं दुकान आहे. कोरोनात त्याच्याच गुळवेलीवर मी तगलो, असं मी मानतो.

आकडा सांगितला. तो बराच वेळ वजनकाट्याशी चाळा करत राहिला.

"इराप्पा, तुकडा काढला म्हंतोस, तो तुमी बगितला का?"

"सुईनं काढला रे. बघायला काय, दोऱ्याएवढा असतो म्हणे."

"म्हणे," तो म्हणाला. "किडनीचं काम लई वाईट. पेपरात येतंय की रोज. मी काय म्हंत न्हाय. तू शाना हायस."

मी काही म्हणत नाही म्हणत माणूस सगळं म्हणून जातो. गुळवेलीचे तुकडे दिले, म्हणाला, "रोज काढा. शक्ती वाडली पायजे, दाबून कसं हुईल?"

घरी येऊन पोरीची पाठ बघितली. टाचणीएवढा डाग. तिनं विचारलं, "काय बघता अज्जा?" म्हटलं, "घामोळं आलंय का बघतो." फेब्रुवारीत घामोळं. तीही समजून चुकली असेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सात खणांचा डबा भरला. गोळ्यांवरची इंग्रजी नावं सिद्धेश्वरीला पटकन लागत नाहीत म्हणून दर रविवारी डबा मी भरतो. ती म्हणाली होती, "मामा, तुमच्यावर सोडते." चांगलं वाटलं होतं.

आज जे केलं ते लिहितो. माझ्या गुडघ्यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या तशाच लांबट पांढऱ्या आहेत. सकाळच्या दोनांतली एक आणि संध्याकाळच्या दोनांतली एक बदलली. लहान गोळीतली एक काढून माझी तशीच दिसणारी जीवनसत्त्वाची ठेवली. रक्तदाबाच्या गोळीला हात लावला नाही. पूर्ण बंद करायला मी वेडा नाही. निम्मं. सोन्याची सुरी असली म्हणून उरात खुपसून घ्यायची नसते.

काढलेल्या गोळ्या मोरीत सोडल्या. दुपारी काढा दिला. पोरगी नाक धरून प्यायली आणि म्हणाली, "अज्जा, हे आईला सांगायचं नाही ना?" मी म्हटलं, "तुझी आई डॉक्टरांचं ऐकते, मी तुझ्या अंगाचं ऐकतो."

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. दर्शनाला गर्दी फार म्हणून घरीच गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली. सिद्धेश्वरीनं उपासाचं केलं, श्रीदेवीसाठी मीठ न घालता वेगळं.

संध्याकाळी सून फोन घेऊन गच्चीवर गेली. पूर्वी कधी जात नव्हती. मी जिन्यात थांबलो. कन्नडमध्ये बोलत होती, म्हणजे माहेरी, भावाशी. "यारिगू हेळबेडा," कुणाला सांगू नकोस. "घरी मामांना कळलं तर होऊ देणार नाहीत."

काय होऊ देणार नाही मी?

२ मार्च, रविवार

डबा भरला. तसाच.

श्रीदेवीच्या चेहऱ्याची सूज उतरलीय. लहान गोळीनं तिचं तोंड फुगून भाकरीसारखं झालं होतं, मैत्रिणी चिडवत होत्या, आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. आज टॉवेल काढला. केस विंचरताना गुणगुणत होती. मी मनात म्हटलं, इराप्पा, बरोबर चाललास.

सिद्धेश्वरीच्या डाव्या हाताला कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला होता. विचारलं तर पदर ओढून म्हणाली, "सुई टोचली मशिनची." छत्तीस वर्षं मशिनीत गेली माझी. शिलाईची सुई बोटात घुसते, कोपरात नाही.

ही रक्त कुणाला देते आणि कशासाठी? डॉक्टरीणबाई, तो गच्चीवरचा फोन आणि हा कापूस. तीन धागे आहेत, गाठ सापडत नाही.

९ मार्च

डबा.

१९ मार्च, बुधवार

रात्री पोरीच्या पायावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी पाच मोजले, दहा मोजले.

गोळ्यांचंच हे. निम्म्या अजून पोटात जातायत ना.

२२ मार्च, शनिवार

तपासणी. लघवीतलं प्रथिन दुप्पट. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती मळ मागं ठेवते त्याचा आकडा. फेब्रुवारीत एक पूर्णांक एक होता, आज दोन पूर्णांक चार. सी-थ्री चोवीस.

डॉक्टरीणबाई आज हसल्या नाहीत. कागदावरून नजर उचलून श्रीदेवीला विचारलं, "गोळ्या चुकतात का?"

"नाही मॅडम."

"एकही नाही?"

"नाही."

"काही जडीबुटी, काढा?"

पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "नाही," म्हणाली. माझ्यासाठी खोटं बोलली.

डॉक्टरीणबाई सुनेकडं वळल्या. "या वयात मुली चेहऱ्यासाठी गोळ्या टाकून देतात. मी खूप बघितल्यात. दहा दिवस तुमच्या डोळ्यांसमोर गिळायला लावा. मग बघू. नाहीतर ॲडमिट."



२३ मार्च, रविवार

काल रात्रीपासून सून पोरीच्या मागं. गोळी तोंडात टाकली की "जीभ दाखव." मग "जिभेखाली दाखव." कॉलेजची पिशवी उलटी केली, उशीची खोळ काढली, मोरीच्या जाळीत हात घालून बघितला. मोरीत हात घातला तेव्हा मी खाटेवर बसून बघत होतो.

श्रीदेवी रडून म्हणाली, "आई, मी चोर आहे का?"

"आरशावरचा टॉवेल का काढलास मग? तोंड कसं उतरलं?"

"मला काय माहीत."

मी आत बसून होतो. डबा भरायचा वार. बाहेर तपासणी चाललेली आणि आत सगळ्या गोळ्या माझ्या पुढ्यात. एक विचार आला, आता गुपचूप पूर्ण भराव्यात, क्रिएटिनिनचा आकडा खाली येईल, कुणाला काही कळायचं नाही. दुसरा आला, पूर्ण भरल्या आणि पोरीचं आणखी बिघडलं तर? एकतीसचे चोवीस झालेत. दाबून दाबूनच झालेत की.

तसाच भरला.

३० मार्च, रविवार

पाडवा. कडुलिंब खाल्ला. पोरीला उलटी झाली, कडुलिंबानं नाही. पापण्या सुजल्यात. डोळे उघडायला तिला सकाळी बोटं लावावी लागतात.

दुपारी सून म्हणाली, "मामा, तुम्ही तिला लाडावून ठेवलंय. तुम्हाला सांगत असेल ती. कुठं टाकते गोळ्या?"

"टाकत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

यावर मी उठून पाणी प्यायला गेलो.

मग मला वाटलं, सून मुद्दामच पोरीवर ढकलते. आपलं गच्चीवरचं झाकायला. चोराच्या उलट्या बोंबा. असं वाटलं, तसं लिहिलं.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी पूजेला तिघं बसलो होतो. सिद्धेश्वरी एकदम म्हणाली, "श्रीदेवी, लिंग हातात घे."

पोरीनं गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. हात सुजलेला, बोटं मिटत नव्हती.

"आता सांग. गोळ्या घेतेस की नाही."

आमच्यात लिंग हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही. माझी आई म्हणायची, तो हात मग भाकरीला चालत नाही. भावकीच्या वाटणीत, मिलच्या संपात, कुठंही हे झालं की वाद तिथंच संपतो. म्हणून आम्ही सहसा कुणाला घ्यायला लावत नाही.

श्रीदेवी म्हणाली, "डब्यात जे असतं ते सगळं मी घेते. एकही टाकली नाही. काढ्याचं मॅडमना खोटं बोलले. अज्जा देतात, मी पिते."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं नाही. पोरीच्या तळव्याखाली आपला हात धरला. मग म्हणाली, "बरं. विषय संपला. तू घेतेस."

पूजा झाली. ती भांडी घासायला लागली. एक ताट घासून थांबली आणि भिंतीकडं बघत हळूच म्हणाली, "ही घेते. दुकानदार बरोबर देतो, मी पट्ट्या बघितल्यात. मग मधेच जातात कुठं?"

मधे कोण आहे ते तिलाही ठाऊक. पण सासऱ्याला कुठली सून म्हणेल की लिंग हातात घ्या? ती विचारणार नाही. कुणीच विचारणार नाही. मी मरेपर्यंत कुणी विचारणार नाही.

दुपारी माझं लिंग तळहातावर घेऊन एकटा बसलो. बसवेना.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी सून जेवणाचा डबा पिशवीत भरत होती तेव्हा सांगितलं. "गोळ्या मी बदलतो. दीड महिना झाला. निम्म्या."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं डबा खाली ठेवला. विचारलं, "कुठल्या?" मी सांगितलं. "त्याजागी काय?" तेही सांगितलं. "त्या कुठं गेल्या?" "मोरीत."

"त्या दिवशी मी मोरीत हात घातला तेव्हा तुम्ही खाटेवर बसून बघत होता."

"होय."

कारखान्यात फोन करून सांगितलं, आज येत नाही. मग म्हणाली, "चप्पल घाला मामा. हे जसंच्या तसं डॉक्टरांना सांगायचं. एक गोळीसुद्धा कमी सांगू नका. तुम्ही लिहिता ना कायबाय, ती वही घ्या."

दवाखान्यात मी वाचत गेलो, डॉक्टरीणबाई तारखा उतरवत गेल्या. शंकरप्पाचं आलं, त्यांच्या गोड बोलण्याचं आलं, कापसाचं आलं. सगळं वाचलं. वाचताना सून खिडकीबाहेर बघत होती.

त्यांनी पेन ठेवलं. "आजोबा, एवढा संशय होता तर मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा गोड बोलला असता."

"बरं, आता विचारा."

मी विचारलं, "कमी आहे, मग दाबायचं कशाला?"

म्हणाल्या, "कमी तयार होतंय म्हणून कमी नाही. फार वापरलं जातंय म्हणून कमी आहे. त्याला थांबवणारी व्यवस्था हिच्या अंगात नीट चालत नाही. ते चालूच राहतं, संपत राहतं आणि संपता संपता किडनीवर साचतं. आम्ही गोळ्यांनी ते चालणं कमी करत होतो. तुम्ही गोळ्या काढल्यात, म्हणून एकतीसचे चोवीस झाले. वर तो काढा, शक्ती चेतवायला. त्यानं किती बिघडलं ते मी मोजून सांगू शकत नाही, पण असल्या आजारात तो मी कुणालाच देऊ देत नाही."

माझ्या कानात मागांचा आवाज सुरू झाला. मागखात्यात सूत कमी दिसलं तर कारणं दोन. सूत आलं नाही, नाहीतर कुठला तरी माग सुसाट सुटलाय, धागा तुटला तरी थांबत नाही, सुताच्या कांड्यांवर कांड्या खातो आणि पुढं नुसता गुंता काढतो. नवा पोरगा सूत मागायला गोदामात पळतो. जॉबर आधी माग बंद करतो. छत्तीस वर्षं मी हेच शिकवलं पोरांना. आणि घरच्या बिघाडात गोदामाकडं पळालो.

"किडनी गेली का तिची?" मी विचारलं.

"आज ॲडमिट करू. तीन दिवस सलाईनमधून औषध. किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही." मग सुनेकडं बघून, "यांना सांगू का?" सुनेनं होकाराची मान हलवली. "तुमच्या सुनेनं गेल्या महिन्यातच रक्त तपासून घेतलंय. वेळ आली तर आपली किडनी चालेल का, हे बघायला. मी त्यांना तेव्हाच सांगितलं, हा आजार बसवलेल्या किडनीवरही परत येऊ शकतो. तरी त्या म्हणाल्या, बघून ठेवा."

म्हणजे कापूस तो होता. आणि मी होऊ देणार नाही, ते हे.

५ एप्रिल, शनिवार

सलाईनचा तिसरा दिवस. विरेश टेंभुर्णीहून गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन आला. मला एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही बाहेर बसा." बाहेर बसलो. मुलानं बापाला असं सांगावं आणि बापानं ऐकावं, दोन्ही बरोबर होतं.

संध्याकाळी श्रीदेवीनं आत बोलावलं. चेहरा पुन्हा फुगलेला. म्हणाली, "गोळ्यांचं मला एवढं नाही वाटलं अज्जा. तुम्हाला समजलं नव्हतं. पण आई माझी जीभ बघत होती, तेव्हा तुम्ही आत होतात. आवाज येत होता ना आत?"

"येत होता."

"हं," म्हणाली, आणि कुशीवर वळली.

१३ एप्रिल, रविवार

पोरगी घरी. डबा सुनेनं भरला. मी दुसऱ्या खोलीत.

शंकरप्पाला जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी कुटं म्हटलं होतं गोळ्या काड म्हणून?" खरं आहे. त्यानं नव्हतं म्हटलं. गुळवेलीच्या पुड्या परत केल्या, त्यानं त्या फळीवर ठेवल्या, आम्ही चहा प्यालो आणि मी निघालो.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. मिरवणुकीला गेलो नाही, तपासणी होती. क्रिएटिनिन एक पूर्णांक आठ. सी-थ्री बेचाळीस. पायावर अंगठा दाबला तर खड्डा भरतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाली येतंय. पण एक पूर्णांक एक आता विसरा. थोडा भाग सुकून गेलाय, तो परत येणार नाही. उरलेला सांभाळायचा, वर्षानुवर्षं." हे त्या गोड बोलल्या नाहीत. मी त्यांच्याकडं दोनदा पाहिलं नाही.

तो सुकलेला भाग माझा. दुसऱ्या कुणाच्या नावावर तो टाकता येत नाही.

४ मे, रविवार

ऊन त्रेचाळीसवर. दुपारी सून डबा घेऊन ओट्याजवळ बसली. गोळीची कंपनी बदललीय, नाव नवीन. तिनं दोनदा उलटून पाहिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, हे वाचा."

मी जाऊन समोर बसलो. वाचलं. मात्रा वाचली. "हीच आहे," म्हटलं, आणि तिनं काही विचारायच्या आत म्हटलं, "तरी औषधवाल्याला फोन लाव." तिनं लावला. तो तेच म्हणाला. मग मी वाचत गेलो, ती खणात टाकत गेली. माझे हात मी मांडीखाली घेतले होते.

श्रीदेवी येऊन उभी राहिली. आजच्या गोळ्या तळहातावर घेऊन एकेक उलटी करून त्यावरची अक्षरं बघितली. मोजल्या. मग मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पूर्वी अशी बघत नव्हती, पूर्वी नुसती तोंडात टाकायची.

पाहायलाच पाहिजे तिनं. मी नजर खाली घातली नाही. तिचं पाहून होईपर्यंत बसून राहिलो. मग तिनं पाण्याचा तांब्या उचलला.